काळी वायर

"नुसता मोठा आवाज नको, गोरक्ष. गोड पायजे," आप्पासाहेब म्हणाले. "आज जमलं न्हाई, तर पंधरा ऑगस्टचं काम नगरच्या माणसाला. कमिटीत मी तसं बोलून बसलोय."

त्यांच्या तोंडावरची नजर न काढता गोरक्षनं मान हलवली. समोरच्याचं बोलणं पुरतं संपेस्तोवर तो असाच बघत राहायचा. शेवगावात त्याच्या या अदबीचं कौतुक होतं.

त्याची बायको झुंबरबाई दाराशी उभी होती. सायकलच्या कॅरियरवर बसून सात मैल तिनं ॲम्प्लिफायर मांडीवर आणला होता. गोधडीत गुंडाळून, लेकरागत. गोरक्षनं स्वतःच्या हातानं जुळवलेलं मशीन ते. लग्नाला, जत्रेला कर्णे लावून द्यायचे, हा त्याचा धंदा. पण पावसानं लागोपाठ तोंड फिरवलं, गावोगावची लग्नं थांबली आणि कर्णे दुकानात धूळ खात पडले. यंदा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. बाजारतळावरचा तो सोहळा मिळाला, तरच दुकानाचं दार उघडं राहणार होतं.

आप्पासाहेबांचा रेकॉर्ड प्लेअर आणि त्याचे दोन स्पीकरचे खोके नगरच्या कॅम्पातले. एका लष्करी साहेबाची बदली झाली, तेव्हा त्यांनी हौसेनं घेतले.

"साहेबाच्या बंगल्यात कसं झ्याक गात हुतं. माझ्या घरी आलं आन् घसा बसला," ते म्हणाले, आणि पाठमोरे होऊन कपाटातून रेकॉर्ड काढू लागले. "भाहेरून मशीन जोडल्यावर सुधरंल का रं?"

गोरक्ष खाली बसून गोधडीची गाठ सोडत होता. झुंबरबाई पुढं झाली, तिनं त्याच्या कोपराला हात लावला. "आप्पासाहेब इचारत्यात, मशीननं सुधरंल का."

"मशीन म्हंजी लोहाराचा भाता," गोरक्ष सावकाश म्हणाला. "इस्तव असंल तिथं जाळ करील. राखंत फुकलं, तर राखच उडायची."

आप्पासाहेब हसत वळले. "काय गं झुंबर, तुझा मालक तू चावी दिल्याबिगर बोलत न्हाई का?"

"म्हून तर संगं येती मी. चावी घरी इसरायला नको."

तेवढ्यात आप्पासाहेबांच्या पत्नी बनुबाईंनी आतून हाक मारली, "झुंबर, ये गं आत, चहा ठेवलाय."

"हितंच बरी हाय मी, काकू."

"पुरुषांच्या मशीनीत काय बघायचंय?" बनुबाई बाहेर आल्या आणि तिचा हात धरून घेऊनच गेल्या.

जाता जाता झुंबरबाईनं दोनदा मागं वळून पाहिलं. गोरक्षनं तळवे धोतराला पुसले, वायरी जोडल्या, मशीन तापू दिलं. आप्पासाहेबांनी भजनाची रेकॉर्ड लावली. गोरक्षनं बटण फिरवत नेलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. भुवया वर गेल्या. मग हळूहळू खाली आल्या.

"मोठा झाला," आप्पासाहेब म्हणाले. "पर पोकळ. रिकाम्या रांजणात तोंड घालून गायल्यागत. तुझ्यानं बी व्हायचं न्हाई वाटतं."

गोरक्षनं दोन्ही खोके एकमेकांजवळ ओढले, पुढची कापडं काढली. आतल्या कागदी पडद्यांवर एकेक तळवा अलगद टेकवला आणि डोळे मिटले. आजाऱ्याच्या छातीवर वैद्यानं हात ठेवावा, तसा.

बऱ्याच वेळानं त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं. त्यानं खोके फिरवले.

"खोक्याला ह्या वायरी कुनी लावल्या?"

"मीच. का रं?"

चहाचा कप घेऊन आलेल्या बनुबाई मध्ये आल्या. "म्या सांगितलं तशा लावल्या त्यांनी. नव्या वस्तूला दिष्ट लागती. काळी वायर दोन्हीकडं भाहेरच्या अंगाला पायजे, तांबडी आत."

"काकू, दिष्टीच्या नादात बैल उलटे जुंपलेत," गोरक्ष म्हणाला. "ह्यो पडदा फुडं ढकलतो, तवा त्यो मागं वढतो. एकाचं केलेलं दुसरा पुसतो. मशीननं दोघांचा जोर वाढवला, भांडान बी वाढलं."

त्यानं एका खोक्याच्या वायरी अदलाबदल करून लावल्या. मग चुलीपुढची काजळी बोटावर मागून घेतली आणि दोन्ही खोक्यांच्या बाहेरच्या अंगाला एकेक तीट लावली. बनुबाईंचं समाधान झालं.

रेकॉर्ड पुन्हा सुरू झाली. मृदंगाची थाप जमिनीतून पायात आली. कपातल्या चहावर बारीक वलयं उठली. बनुबाईंचा अंगठा आपसूक हलायला लागला. आप्पासाहेब भिंतीला टेकले ते भजन संपेपर्यंत तसेच.

"दोन महिनं नगरची मानसं येऊन गेली," अखेर ते म्हणाले. "कुनी म्हनलं खोकं बदला, कुनी म्हनलं मशीन जोडा. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. कान असावा तर असा." त्यांनी गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवला. "मशीन हितंच ऱ्हाऊ दे. आन् पंधरा ऑगस्ट तुझा."

स्वैपाकघराच्या दारात झुंबरबाईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं.

परतताना ऊन कललं होतं. वाटेवर बाभळींच्या सावल्या लांबल्या होत्या. झुंबरबाईची मांडी आता रिकामी होती. गाव मागं पडलं, तसा तिनं नवऱ्याच्या पाठीला गाल टेकवला आणि ओवी धरली:

लांबच्या गं वाटंला सावली घोटभर
सख्या, तुझ्या पाठीशी मी हाय ऊनभर

गोरक्षनं पायडल हळू केलं. सहा वर्षांमागच्या तापात दोन्ही कान गेल्यापासून गाणं त्याच्यापर्यंत पाठीच्या या एकाच वाटेनं येत होतं.