टिटवीचं शेवटचं पान

सुशील सरांनी पुस्तक उघडलं ते थेट शेवटच्या पानावर. "हे वाच," म्हणत त्यांनी ते पूजाच्या हातात दिलं आणि स्वतः तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. समोर चटईवर म्हातारी चंद्रावती बसली होती. परीक्षा पूजाची होती, घाम मात्र चंद्रावतीला फुटला होता.

कासूजवळच्या या खाडीकाठच्या शाळेत पेणची काही मंडळी दर शनिवारी मुलांचं वाचन घ्यायला यायची. माणसं कमी पडली तेव्हा त्यांच्यातली अनिताताई गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दारोदार फिरली. "आजी, काही अवघड नाही. पोरं वाचतील, तुम्ही अर्धा तास ऐकायचं. नीट वाचलं की कार्डावर बरोबरची खूण करायची." चंद्रावती लगेच हो म्हणाली. तुम्हाला वाचता येतं का, हे कोणी विचारलंच नाही. उभा जन्म मिठागरात गेलेल्या बाईने ते आपणहून कशाला सांगावं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिच्या वाट्याला तिसरीतली पूजा आली. पोरगी आधी ओठ मिटून पान नुसतं बघत बसायची. मग घडाघडा सुरू. कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही. चंद्रावती पुस्तकाकडे बघून मान डोलवायची आणि ठसठशीत खूण करायची. गोष्टी तरी किती छान! वाघाचा बछडा असो की होडीतून गेलेला म्हातारा, शेवटी सगळे सुखरूप घरी यायचे. पुस्तकं लिहिणारी माणसं फार भली असावीत, असं तिला वाटायचं.

तिचा स्वतःचा मुलगा, मिथुन, कंपनीच्या कामाला दुबईला गेला होता. चार वर्षं झाली, गणपतीलाही आला नव्हता. "या वक्ताला येनार हाय," हे ती पूजाला दर शनिवारी न चुकता सांगायची. दुसरं ऐकणारं होतं कोण? आठवड्यात एवढ्या अर्ध्या तासासाठी ती धुतलेलं लुगडं नेसायची आणि वेळेच्या आधीच शाळेच्या पायरीवर येऊन बसायची.

तीन महिन्यांत कार्डावर खुणांची गर्दी झाली. रोह्याच्या वाचन मेळाव्यासाठी शाळेतून पूजाचं नाव पुढे गेलं, आणि खात्री करून घ्यायला आज पेणच्या मंडळींचे प्रमुख, सुशील सर, मुद्दाम आले.

पूजा पानाकडे बघत होती. चित्रात बांधावर एक टिटवी एकटीच बसलेली होती. खाली चार ओळी. आज पोरीने एरवीपेक्षा फारच वेळ लावला. सरांनी घड्याळ बघितलं. चंद्रावती चटईची काडी नखाने सोलू लागली. तिने एकदा सरांकडे बघितलं, एकदा दाराकडे.

"वाच गो बाय," ती न राहवून म्हणाली.

पूजाने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि सुरू केलं. "संध्याकाळ झाली. टिटवीची पिल्लं परत आली. आईला बिलगून बसली. आई म्हणाली, दमलात का रे?"

चंद्रावतीचा चेहरा खुलला. सरांचा उतरला.

"यातलं एक अक्षर इथे लिहिलेलं नाही," ते बाजूला उभ्या अनिताताईला म्हणाले. "ही चित्र बघून मनाने सांगतेय. अनिता, तीन महिने हेच चाललंय? आणि आजी, तुम्ही खुणा करता त्या काय बघून? आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय!" खिशातून पेन काढून त्यांनी ते मेळाव्याच्या यादीतल्या पूजाच्या नावावर टेकवलं.

पूजाने पुस्तक मिटून छातीशी धरलं. मागे कोणीतरी फिदकन हसलं. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय असं चंद्रावती म्हणाली असती, तरी तिचं निभावलं असतं. शनिवार तिच्याकडे राहिला असता. पण पोर खोटारडी ठरत होती, आणि ते काही तिच्याने बघवेना.

"पोरीला बोलू नका, सर," ती म्हणाली. "मना वाचता येत नाय. एक अक्षर पन नाय. मी नुसती मान हालवत व्हते. चूक माझी हाय, तिची नाय."

चंद्रावतीने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीचा आधार घेऊन ती उठू लागली. आता पुन्हा या पायरीवर यायला तोंड कुठे होतं?

तेवढ्यात पूजाने सरांची बाही धरली आणि त्यांना ओढतच व्हरांड्यात नेलं. कोपऱ्यात जाऊन तिने पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात वाचलं. "पिल्लं मोठी झाली आणि दूर उडून गेली. टिटवी रोज बांधावर बसून त्यांची वाट बघत असे. पावसाळा संपला, हिवाळाही संपला. पिल्लं पुन्हा परतली नाहीत."

चारही ओळी स्वच्छ. एकही चूक नाही.

सरांनी वाकून त्या ओळी पुन्हा बघितल्या. "अगं, एवढं छान वाचतेस! मग आत का नाही वाचलंस?"

पूजाने दारातून आत डोकावून बघितलं. चंद्रावती अजून गुडघ्यावर हात टेकून उठतच होती.

"हलू बोला ना, सर," ती कुजबुजली. "पिल्लं परत आली नाय, असं आजीसमोर कसं वाचू?"