भिंतीपलीकडचा आवाज

"भीती वाटली, नाही असं नाही. पण शेवटी रडूच आलं," बसचालक कानांवरचे हेडफोन उतरवत म्हणाला. "भुताच्या खेळात माणसाला घरची आठवण कशाला यावी, सांगा बरं?"

ताईने मान हलवली आणि पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. संगणकावरचा तो खेळ तिच्या धाकट्या भावाने बनवला होता. लोकांना बोलावून तो खेळायला द्यायचा आणि त्यांची मतं ऐकून घ्यायची, हे ताईचं काम. त्यासाठी दोघांनी ऑफिसची मागची खोली रिकामी केली होती. तिथे एक जुना सोफा होता, समोर भिंतभर स्क्रीन आणि खिडक्यांना जाड पडदे. ते ओढले की भरदुपारी खोलीत संध्याकाळ व्हायची.

खेळ एका ओसाड मनोरुग्णालयातला होता. लांबलचक व्हरांडे, पाण्यात दूध सांडावं तसा उजेड, वारा नसताना फुगणारे पडदे. चालणाऱ्याची पावलं त्याला स्वतःला जरा उशिराच ऐकू यायची. सगळ्यात शेवटच्या वॉर्डात भिंतीपलीकडून एका मुलीचा आवाज येई. "आलात? बसा ना जरा. मला झोप लागेपर्यंत बसा." किल्ली शोधून दार उघडलं की आवाज बंद. आत कुणीच नसे.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचंही मत तसंच पडलं. "ती छताला टांगलेली चाकाची खुर्ची बघून माझी बोबडीच वळली! पण तो आवाज फार मायेचा आहे हो. दार उघडलं आणि मलाच अपराध्यासारखं झालं."

"माया!" त्या गेल्यावर भाऊ चिडून म्हणाला. "दोन वर्षं घाम गाळून मी माया विकायला बसलोय का?"

आणि मग एक अनोळखी मावशी आल्या.

जिन्यापाशी 'खेळा आणि मत सांगा' असा फलक होता. तो वाचून कॉलेजची मुलं यायची. मावशींचे केस पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. "तो पडक्या इस्पितळाचा खेळ इथेच आहे ना?" त्यांनी दारातूनच विचारलं. खेळ कधी खेळला नव्हता, पण बटणं दाखवल्यावर त्या हळूहळू चालू लागल्या. व्हरांड्यातून पांढऱ्या कपड्यांतली आकृती सरसर आडवी गेली, की लोक किंचाळायचे. मावशी म्हणाल्या, "सांभाळून गं, फरशी ओली आहे."

ताईला हसू आवरेना. भावाचं तोंड पडलं.

शेवटच्या वॉर्डात मावशी खाटेवर बसल्या. "आलात?" भिंतीपलीकडून आवाज आला. "आले गं," मावशी म्हणाल्या. नंतर किती तरी वेळ त्या तशाच बसून राहिल्या. स्क्रीनवरचा दुधी उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. पडदे फुगत होते, ओसरत होते. ताईलाही आपण कुठे आहोत याचा विसर पडला.

"किल्ली त्या टेबलाच्या खणात आहे," भाऊ शेवटी न राहवून म्हणाला.

"राहू दे. मला दार नाही उघडायचं."

त्या पुन्हा आल्या. मग येतच राहिल्या. मत विचारलं की एवढंच म्हणायच्या, "छान आहे. शांत वाटतं."

"त्या स्वतःच अशा ठिकाणी राहून आल्या असणार," भाऊ एकदा कुजबुजला. "नाहीतर कुणाला तिथे शांत वाटतं?"

"हळू बोल," ताई म्हणाली. पण तिच्याही मनात तेच होतं. एकदा चहा देताना तिने जपूनच विचारलं, "मावशी, अशी जागा तुम्ही पाहिलीये का कधी?"

"अशा खोल्यांतून फार बसलेय मी," मावशी म्हणाल्या, आणि चहा फुंकत राहिल्या. ताईने विषय वाढवला नाही.

इकडे भावाचा निर्णय झाला होता. दहातले आठ जण त्या आवाजापाशी हळवे होत होते. खेळ बाजारात जायच्या आत तो बदलायलाच हवा होता. एका नाटकवाल्या बाईंकडून त्याने घोगरा, अंगावर काटा आणणारा आवाज भरून घेतला. जुना आवाज दुसऱ्या दिवशी काढायचा होता.

मावशींना सांगायचं काम अर्थातच ताईवर आलं. त्या सोफ्यावर बसून हेडफोन लावणार, तोच ती म्हणाली, "मावशी, आज शेवटचंच हं. त्या मुलीचा आवाज आम्ही बदलतोय."

मावशींचे हात तिथेच थांबले. "का? चांगलं नाही बोलत का ती?"

"फार चांगलं बोलते. तिथेच तर पंचाईत आहे. लोकांना भीतीच वाटत नाही."

"मग तिला सांगायचंत ना, जरा भेसूर बोल म्हणून. तिने केलं असतं."

"अहो, फोन उचलेल तर ना!" भाऊ दारातून बोलला. "घरूनच आवाज भरून पाठवला, आम्ही तिचं तोंडही पाहिलं नाही. तिच्याकडूनच पुन्हा करून घ्यावं म्हणून किती फोन केले. एक उचलेल तर शपथ. नुसती भाव खातेय."

ताईने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मावशींनी हेडफोन मांडीवर घेतले आणि त्यांची वायर बोटांनी सरळ करत राहिल्या.

"माझी लेक कधी कुणापुढे भाव खायची नाही रे," त्या म्हणाल्या. "तिचा फोन आता माझ्या उशाशी असतो, आणि तो उचलून काय सांगायचं, तेच मला अजून सुचलेलं नाही."