सातवे साहेब

राज्यपालांच्या बंगल्यातल्या लांबलचक दालनात पहिल्या गोऱ्या गव्हर्नरापासून आजवरच्या सगळ्यांची तैलचित्रं ओळीने लावलेली होती. त्यातल्या सातव्या साहेबाला वाळवीने टोपापासून बुटापर्यंत फस्त केलं, तेव्हा दालन सांभाळणाऱ्या शिपाईकाकांनी त्या चौकटीत गुपचूप आपले सासरे बसवले. सासऱ्यांनी एकदा नाटकात साहेबाचं काम केलं होतं आणि त्याच वेशात हौसेने चित्र काढून घेतलं होतं. घरात ते नाहीतरी कुणाला नकोच होतं.

आठ वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. आणि आज सातव्या साहेबाचा सख्खा पणतूच परदेशातून दत्त म्हणून उभा! काकांची बोबडी वळली. निवृत्तीला जेमतेम सहा महिने उरले होते.

पणतू चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि ढसाढसा रडायलाच लागला. "नाक बघा, हुबेहूब माझं! याची प्रत मी आमच्या घरी लावणार."

दालनाच्या अधिकारी बाईंनी त्याची समजूत घातली, आठव्या साहेबाची माहिती सांगितली, नवव्यासमोर मात्र थांबूच दिलं नाही, थेट चहाला नेलं.

पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा काकांना राहवेना. "बाई, पोटात ठेवा, पण ते सातवे साहेब माझे सासरे आहेत हो!"

बाईंनी आधी दार लोटून घेतलं.



"हळू बोला, काका! वाळवी काय एकट्या सातव्यावर थांबली होती? नववे आमचे मोठे मामा आहेत."