उद्या किती लागतील?

सरकारच्या तिजोरीत उद्या किती रोकड लागेल, याचा आकडा रोज घरी निघण्याआधी तिला साहेबांना द्यावा लागे. जास्त सांगितला, तर कर्जाऊ आणलेला पैसा नुसता पडून राहणार आणि वर व्याजही भरावं लागणार. कमी सांगितला, तर कुणाचा तरी पगार अडकणार. सगळी खाती फोनवर रडगाणं गात, आणि रस्ते खातं त्यात सगळ्यात पुढे. "मॅडम, चारशे कोटींच्या खाली भागणारच नाही हो!" ती गोड आवाजात "बघते हं" म्हणे आणि सरळ निम्मे धरून मोकळी होई. आकडा हमखास बरोबर निघे. साहेबसुद्धा म्हणत, "तुम्हाला गंडवणारा अजून जन्माला यायचाय!"

आजही निम्मे धरून ती खुशीत निघाली आणि थेट बागेत पोचली. सासरे नातीला झोपाळ्यावर घेऊन आले होते.

"आई, अजून दहा झोके!"

"दहाबिहा काही नाही. पाच! अंधार पडतोय."

"बरं, पाच," लेक इतक्या शहाण्यासारखं म्हणाली, की हिचा जीव सुपाएवढा झाला.

पाच झोके होताच लेक टुणकन उतरली आणि धावत सुटली. "आजोबा, तुम्ही सांगितलंत तस्संच झालं! दहा मागितले, तर बरोब्बर पाच मिळाले!"



रस्ते खात्यातून जन्मभर पैशांच्या मागण्या पाठवून निवृत्त झालेले आजोबा घाईघाईनं बुटाची नाडी बांधायला वाकले. पायात चपला होत्या.