पहिल्या बेसवर

चेंडू हातात घेऊन तोफ नुसती उभी होती. समोर बॅटर नव्हताच. तिची आत्या, म्हणजे बेसबॉल संघाची कोच, ग्लोव्ह उघडून उकिडवी बसली होती. तरी पोरीचा हात खांद्याच्या वर जाईना.

"आत्या, मला लांब मैदानात उभी कर," ती म्हणाली. "नाहीतर घरी पाठव."

अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या त्या संघात तिच्याइतका जोरदार चेंडू कुणी टाकत नसे. तोफ हे नावही पोरांनीच ठेवलेलं. पण मागच्या महिन्यात आपसातल्या सामन्यात तिचा एक चेंडू आत शिरला आणि टिल्लूच्या बरगडीवर बसला. टिल्लू संघातला सगळ्यात लहानखुरा. बॅट त्याच्यापेक्षा उंच दिसायची. बरगडीला बारीक चीर गेली. त्याला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा तोफ दोन्ही कान दाबून मैदानाच्या मधोमध उभी होती. त्यानंतर तिने एकही चेंडू टाकला नव्हता. पोरगी जेवतानाही मान वर करत नाही, असं तिच्या बाबांनी आत्याला फोनवर सांगितलं. 

दोष आपलाच, हे आत्याने मनोमन धरलं होतं. पहाटे बेकरीत कामाला जायचं, दुपारी अंगावरचं पीठ झटकून मैदान गाठायचं आणि सराव कसाबसा उरकायचा. सगळी पोरं एका रांगेत. दोन फटके मारले की पुन्हा रांगेच्या शेपटाला. बाकीची तोवर बुटाने माती उकरत बसायची. अंगावर येणारा चेंडू कसा चुकवायचा, हे तिने कधी शिकवलंच नव्हतं. पोहायला न शिकवता विहिरीत ढकलण्यातला प्रकार.

आज टिल्लू परत आला होता. हलका सराव चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याची आई पायऱ्यांवर बसली होती. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून ती कोचशी धड बोललेली नव्हती.

आत्याने तोफेला जवळच थांबायला सांगितलं आणि शिट्टी वाजवली. सराव तिने नव्याने आखून आणला होता. रांग मोडली. पोरांच्या चार टोळ्या केल्या. एक टोळी झेल घेणार, एक सरपटते चेंडू अडवणार, एक दांडीवर ठेवलेल्या चेंडूला फटके मारणार. शिट्टी वाजली की जागा बदलायची, कुणी रिकामं उभं राहायचं नाही. चौथी टोळी स्वतः आत्याकडे. ती स्पंजचा चेंडू पोरांच्या अंगावर टाकणार आणि पोरांनी एवढंच शिकायचं, हनुवटी खांद्याला, बॅट खाली, पाठ चेंडूकडे.

टिल्लूची पाळी आली तशी त्याची आई उठली. तिने चेंडू मागून घेतला, दोन बोटांनी दाबून पाहिला आणि परत दिला.

पहिल्या चेंडूला टिल्लू भोवऱ्यासारखा वळला. दुसऱ्यालाही. मग आत्याने जरा जोरात टाकला. मग न सांगता, मध्येच. चेंडू तिच्या हातातून सुटायचा आणि पोराची पाठ फिरलेली असायची. चौथ्या टोळीत इतकं चपळ कुणी नव्हतं. आत्याचा हात थांबला. त्या दिवशी तर हा खांबासारखा उभा होता. घाबरून गोठला, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

तिने त्याला जवळ बोलावलं. "इतकं छान वळता येतं तुला. मग त्या दिवशी का नाही वळलास रे?"

टिल्लूने आईकडे पाहिलं. मग तोफेकडे. मग स्वतःच्या बुटांकडे.

"चेंडू येताना दिसला होता, ताई," तो हळूच म्हणाला. "अंगाला लागला की पहिल्या बेसवर सोडतात ना. माझी बॅट कधी चेंडूला लागतच नाही. बाकी सगळे तिथे जाऊन आलेत. मला एकदा उभं राहायचं होतं."

आणि एवढं करूनही उभं राहता आलंच नाही, तुम्ही उचलून नेलंत, अशी तक्रारही त्याने जोडली.

त्याच्या आईने कपाळावर हात मारून घेतला. मग कोचचा हात धरला. घरी मी तुमच्या नावाने रोज बोटं मोडली, हे तिने सांगून टाकलं. कोचला हायसं वाटलं, पण पुरतं नाही. अख्खा हंगाम हे पोर रांगेत उभं होतं, दोन फटके हुकवून मागे जात होतं आणि तिने त्याची बॅट एकदाही नीट धरून दिली नव्हती. उद्यापासून दांडीवरच्या चेंडूपाशी आधी हाच, असं तिने ठरवलं.

 तोफेने खरा चेंडू उचलला, ताडताड चालत आपल्या जागी गेली आणि आत्याला हातानेच खाली बसायची खूण केली. आत्याने ग्लोव्ह उघडला. तोफेचा हात वर गेला. चेंडू असा येऊन आदळला की आत्याच्या तळव्याला मुंग्या आल्या. दुसराही तसाच. झेल घेणारी टोळी झेल सोडून बघत राहिली.

मग तोफ टिल्लूकडे वळली. महिनाभरात पहिल्यांदाच ती नीट चिडली होती.

"येड्या, मला आधी सांगायचंस ना. चार चेंडू बाहेर टाकले तरी पहिला बेस फुकट मिळतो. तेवढे मी टाकले असते की तुझ्यासाठी."