मनगटापर्यंत बाह्या

सोलापुरातल्या ब्लाउजच्या दुकानाची इंटरनेटवरची जाहिरात सिद्धेश्वरी सांभाळायची. लोकांनी काय शोधताना जाहिरात उघडली, त्याची यादी रोज तिच्यापुढे यायची. दुकानाशी संबंध नसलेले शब्द ती बाद करायची, म्हणजे ते शोधणाऱ्यांना जाहिरात दिसायची नाही. आज मैंदर्गी गावातून एक ओळ तिसऱ्यांदा आली होती: 'हातावरचे वळ झाकतील असा ब्लाउज'. "वळांचा आन आपला काय संबंध? बाद कर," मालक मागून म्हणाले. तिचं बोट माऊसवरच थांबलं. मैंदर्गीत तिच्या थोरल्या बहिणीला, अक्काला दिलेलं. वैशाखात माहेरच्या एका लग्नात सगळे घामाघूम असताना अक्का मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून आलेली. बहिणींनी चेष्टा केली, तर म्हणाली, "आता हीच फॅशन हाय की." सिद्धेश्वरीने जिन्यात जाऊन व्हिडिओ कॉल लावला. अक्काने भाकरी थापतच विचारलं, "जेवलीस काय गं?" बाह्या मनगटापर्यंतच, पिठाने माखलेल्या. "अक्का, बाही वर कर." अक्काने कॅमेरा बंद केला.