एट अल.

केकवरचं झाकण निघालं आणि व्हर्नाचा चेहरा उतरला. पांढऱ्या क्रीमवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'टॉलेफ्सन एट अल.' शेवटचं टिंबसुद्धा विसरले नव्हते.

सरोवर संशोधन केंद्रातली तिची ही शेवटची दुपार. सव्वीस वर्षं तिने माशांच्या कानातली मसुराएवढी हाडं सूक्ष्मदर्शकाखाली धरून, वलयं मोजून त्यांची वयं सांगितली. त्यावर निबंध छापले गेले. निबंधावर नावं दहा असली तरी लोक पहिलं तेवढं घेतात. बाकीच्यांची बोळवण 'एट अल.' या दोन लॅटिन शब्दांत, म्हणजे 'आणि इतर'. पहिलं नाव कायम डॉक्टर टॉलेफ्सन यांचं. आज ज्याचा केक होता त्या नव्या निबंधावर मात्र "पहिली तू," असा शब्द त्यांनी मार्चमध्ये आपणहून दिला होता. म्हणून तर तिने बहिणीला सहा तासांच्या बसप्रवासाने डुलुथला बोलावून घेतलं होतं.

"यात तुझं नाव कुठंय गं?" आयलीने चष्मा लावून विचारलं. तिचा आवाज मुळातच मोठा.

सगळे एकदम कॉफी ढवळायला लागले.

"आहे की," डॉक्टर हसत पुढे आले. "'एट अल.' म्हणजे तुमची व्हर्नाच. तसं ठरलं होतं खरं, व्हर्ना, पण मला अजून नोकरी करायचीय. तू तर चाललीस. तुला आता नाव घेऊन करायचंय काय?"

त्यांनी स्वतः सुरी घेतली, ते दोन शब्द नेमके कापले आणि कागदी प्लेटमध्ये तिच्या हातात दिले. "घे. एक अक्षर कमी दिलेलं नाही."

"ओ डॉक्टर, त्यात आम्ही आठजणही आहोत," मागून एक विद्यार्थिनी म्हणाली. हशा पिकला.

"अरे हो! दे गं व्हर्ना, सगळ्यांना थोडं थोडं."

टेबलावर बाकीचा अख्खा केक पडला होता. तरी आठ प्लेटा पुढे आल्या. व्हर्नाही हसली, हसायची तिला सवय होती. प्लास्टिकच्या सुरीने तिने आठ तुकडे केले, सारखे, कुणाला कमी नाही की जास्त नाही. मोजण्यात ती कधीच चुकत नसे.

प्लेटमध्ये निळं टिंब तेवढं उरलं. ते तिने बोटावर घेतलं आणि बहिणीपुढे धरलं.

"हे बघ, आयली. हे माझं."